माहेरच्या पाण्याचा चहा

आमचे हे म्हणायचे, "तू बोलाले लागली की चार घरं पलीकडचं कुत्रं उठून बसते." खोटं नाही ते. एसटीत कंडक्टर म्हणून उमर काढलेल्या बाईचा आवाज मंजुळ कसा राहील? अमरावती-दर्यापूर-अकोट, शाळा सुटायच्या वेळेची गाडी, पायरीवर पाय ठेवायला जागा नाही, आणि मधे उभा असलेला एखादा शहाणा हलायचं नाव घेत नाही. त्याला "पुढं सरका" हे पोटातूनच सांगावं लागतं. मी सांगायचे आणि तो सरकायचा. मला ते काम मनापासून आवडायचं. गाडीत चढणारी बाई रडून आलीय की भांडून आलीय, हे मला तिच्या चढण्यावरून कळायचं.

मग ह्यांच्या किडन्या गेल्या आणि मी नोकरी मुदतीआधी सोडली. साहेब म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला. पोस्टात पत्रं वाटत सायकलवर सगळा तालुका फिरलेला माणूस घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागला होता, त्यात अजून कसला विचार करायचा?

आमचं गाव अकोट आणि दर्यापूरच्या मधे, खारपाणपट्ट्यात. वर जमीन काळीभोर, कपाशी-तुरीनं डोळे निवतील अशी, आणि खालचं पाणी खारट. हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा तर हटकून फाटतो. आता नळ आलेत, पण नळाला पाणी त्याच्या मर्जीनं येतं. त्यामुळे आमच्याकडे पाहुण्यानं पेढे नाही आणले तरी कोणी नाक मुरडत नाही. तो सातपुड्याच्या पायथ्याकडचा असेल, तर त्यानं गोड्या पाण्याची एक कॅन आणावी, एवढीच अपेक्षा. किडन्या जायला पाणीच कारण का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, कारणं बरीच असतात, बीपी असतं, शुगर असते. गावाचं मत मात्र एकच, पाणी.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकोल्याला डायलिसिस. आमच्याच गावचा एक जीपवाला सकाळी आजूबाजूच्या गावांतले पेशंट गोळा करून न्यायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. पहिल्या दिवशी मी जीपमध्ये डोकावले, तर ज्याला उलट्या होतात तो मधे दाबून बसलेला आणि धडधाकट सोबतीवाले खिडक्यांशी. मी म्हटलं, "उठा! सगळे उठा!" तिथंच परत बसवलं सगळ्यांना. जीपच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, आमच्या एसटीच्या डबल बेलसारखी, आणि म्हटलं, "जाऊ द्या." ड्रायव्हर हसला, पण त्या दिवसापासून माझी थाप पडल्याशिवाय त्यानं गाडी सोडली नाही. सगळे मला कंडक्टर मावशी म्हणायला लागले. आमच्या मागं गावातलेच एक रिटायर गुरुजी बसायचे. ते "रामराम" म्हणायचे, मी "जयभीम" म्हणायचे. काही महिन्यांनी ते आधीच "जयभीम मावशी" म्हणून मोकळे व्हायचे आणि मी आपली रामराम ठोकायचे.

त्याच जीपमध्ये हिवरखेडवाली होती. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेराच्या गावानंच ओळखतात, म्हणून ती हिवरखेडवाली. गावातल्या शेतकऱ्याच्या घरची सून, तिशीही गाठलेली नव्हती, पदरात एक लहान पोरगी. दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढलं, बाळ गेलं आणि किडन्याही गेल्या. नवरा अकोटला जिनिंगमध्ये, सीझन असला की त्याला सुट्टी नाही. सासूला डोळ्यांनी धड दिसत नाही. आणि दवाखान्याचा नियम असा, की सोबत माणूस असल्याशिवाय मशीन लावायचं नाही. ते चुकीचं नाही. रक्त बाहेर काढून परत आत घालायचा मामला आहे, मधेच काही झालं तर धावायला माणूस पाहिजे. पहिल्या दिवशी तिथल्या सिस्टरनं विचारलं, "हिच्यासोबत कोण?" मी म्हटलं, "मी."

"तुमी तं त्यायच्यासोबत ना?"

"दोघायच्या सोबत. मले दोन डोये आहेत."

तेव्हापासून एका खाटेवर हे आणि शेजारच्या खाटेवर ती, आणि मधल्या स्टुलावर मी. सगळ्यात कठीण असतं ते पाणी. किडनीच नाही, तर प्यालेलं पाणी जाणार कुठं? ते अंगात साठतं, मग छातीत भरतं. म्हणून दिवसाचं पाणी मोजून. चहा, वरणाचं पाणी, गोळ्यांसोबतचा घोट, सगळं त्यातच आलं. मी सकाळी ह्यांची बाटली भरून द्यायचे आणि म्हणायचे, "एवढंच. मग मले शिव्या देल्ल्या तरी चालते." त्या दोघांचं गुपचूप काही चालायचं. बडीशेप चघळायची, चूळ भरून टाकायची, असल्या युक्त्या ते एकमेकांना शिकवायचे. सिस्टरच्या पाठीमागं दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसायचे. मी रागवायचे आणि मलाही हसू यायचं.

हे गेले ते एका सकाळी, घरीच. त्याच्या थोडं आधी त्यांनी पाणी मागितलं. बाटलीतला सकाळचा वाटा संपला होता, उरलं होतं ते दुपारचं. मी बाटलीच्या झाकणात ओतून दिलं, झाकणभर. त्यांनी ते प्यायलं आणि झाकण तसंच पुढं धरलं. मी म्हटलं, आता दुपारी. ती दुपार आली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट होतं ते, पाण्याचा काही संबंध नाही, तुम्ही सगळं बरोबर केलं. मी बरोबर केलं हे मला पक्कं माहीत आहे, आजही तसंच करीन. तरी ते पुढं धरलेलं झाकण डोळ्यांपुढून जात नाही. रडू येतं तेव्हा मी सरळ रडून घेते.

विहारात पुण्यानुमोदन झालं, माणसं आली, गेली. पहिल्या मंगळवारी पहाटेच उठून मी डबा केला. पोळ्या झाल्या, बिनमिठाची भाजी झाली आणि मग आठवलं, की कोणासाठी? मी चुलीपुढं फतकल मारून बसले. आधी मी गाडीभर लोकांची होते, नंतर एका माणसाची होते. आता मी कोणाचीच नव्हते. बाहेर जीप आली. दारापुढं जराशी हळू झाली आणि निघून गेली. मी उठून दारापर्यंतही गेले नाही. मला त्या जीपचं तोंड बघायचं नव्हतं.

अमरावतीला माझी लेक असते, जावई तिथंच बँकेत. ती रोज फोनवर मागं लागलेली, "आई, तिथं एकटी काहून राहून राहिली? इकडे ये. नातवाले सांभाळ, आराम कर." आराम हा शब्द मला आधीपासून आवडत नाही, पण नातवाचं नाव काढलं की माणूस विरघळतो. शेवटी मी हो म्हटलं. घराची किल्ली शेजारी दिली, बॅग भरली आणि एका शुक्रवारी सकाळी अमरावतीच्या गाडीसाठी फाट्यावर येऊन उभी राहिले.

बस यायच्या आधी जीप आली. ड्रायव्हरनं ब्रेक असा दाबला की धूळ माझ्या तोंडात गेली. मी शिवी हासडणार, तर तोच ओरडला, "मावशी, बसा! हिवरखेडवालीले दम लागून राहिला. सोबत कोणी नाही."

मी मागं पाहिलं. ती गुरुजींच्या शेजारी वाकून बसलेली, तोंड सुजलेलं, ओठ काळसर, श्वासात बुडबुडे वाजत होते. कोणीतरी तिला सीटवर आडवी करायला बघत होतं.

"आडवी नका करू!" मी ओरडले. "बसवा तिले, सरळ बसवा! खिडक्या उघडा!" बॅग कशी आत टाकली, मी कशी चढले, आठवत नाही. पत्र्यावर दोनदा थाप मारली तेवढं आठवतं. अमरावतीची बस समोरून आली आणि आम्हाला घासून निघून गेली.

सगळ्या रस्त्यानं मी तिला मागून धरून बसले. विचारलं, "मंगळवारी गेलती का?" तिनं मान हलवली, नाही. "त्याच्या आधी?" नाही. का, ते मला विचारावं लागलंच नाही. सोबत माणूस नव्हता, म्हणून ती गेली नव्हती. सोबतचा माणूस मी होते. मी घरात बसून माझं दुःख करत होते, आणि तो माझा हक्कच होता. पण गावात एवढी घरं, एवढ्या बाया, एकीलाही सुचू नये की आपण जावं? मला असा राग आला की सांगता सोय नाही.

दवाखान्यात गेल्या गेल्या तिला ऑक्सिजन लावला आणि लगेच मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती. दुपारपर्यंत तिचा श्वास हळूहळू खाली बसला. सिस्टरनं वजनाचा आकडा बघून विचारलं, "मशीनच्या पाळ्या चुकल्या ते कळलं, पण एवढं पाणी? बाई, किती प्याली तू?"

ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "माहेरचं होतं मावशी. सोडवे नाही."

संध्याकाळी जीपमधून मी तिला धरून तिच्या दाराशीच उतरले, बॅगेसकट. आत गेले आणि पाहते तर खाटेखाली गोड्या पाण्याच्या कॅनांची रांग. हिवरखेडहून तिची माय दर दोन-तीन दिवसांनी एसटीत टाकून कॅन पाठवत होती. एवढंच नाही, गल्लीतल्या ज्या ज्या बाईचा पाहुणा गोड्या पाण्याच्या गावचा, तिनं आपल्या कॅनमधलं अर्धं आणून हिला दिलं होतं. खाऱ्या पाण्यानं पोरीच्या किडन्या गेल्या, आता गोडं पाणी पाजलं की बरी होईल, असा सगळ्यांचा साधा हिशोब. आमच्या भागात यापेक्षा मोठी वस्तू कोणी कोणाला देत नाही. ते तिला देत होते आणि ती त्यात बुडत होती. मी ह्यांच्या वेळी असल्या कॅना दारातूनच परत पाठवायचे, म्हणून गावाला मी खडूस वाटायचे. पण का परत पाठवते ते मी कधी कोणाला बसवून सांगितलं नव्हतं.

तिची माय खबर लागल्याबरोबर दुपारच्या गाडीनं आली होती. तिच्या पायाशी अजून एक भरलेली कॅन. मी जी सुटले! "मारता का तिले? पाणी पाजून मारता का? दवाखान्यात न्याले एक माणूस नाही घरात, अन् पाण्याची दुकान लावली!"

बिचारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, पाणी पाहून पोरगी द्या लागत होती, आमी वावर पाहून देल्ली. मले दुसरं काय देता येते तिले, तुमीच सांगा."

मी वाकून तिच्या पायाजवळची ती भरलेली कॅन उचलली. 

मी कॅनचं बूच काढलं. ओतूनच देणार होते अंगणात. पण खारपाणातली बाई मी, गोडं पाणी मातीत ओतायला हात धजेना. बूच हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग हिवरखेडवालीच्या सासूला म्हटलं, "बुढे, घरातलं सगळ्यात मोठं गंज काढ. चहा ठेवतो मी."

"कोणासाठी व?"

"गावासाठी."

अंगणातल्या चुलीवर ते मोठं भांडं चढलं. कॅना रिकाम्या झाल्या, साखर शेजारून आली, दूध गुरुजींच्या घरून आलं. मग मी ओट्यावर उभी राहिले आणि एसटीतला आवाज काढला, "या वं बायाहो! हिवरखेडच्या पाण्याचा चहा झाला!" चहा न फाटता उकळतोय, हा वास आमच्या गावात लांबवर जातो. बाया आल्या. आमच्या वस्तीतल्या आल्या, गल्लीतल्या आल्या. गल्लीतल्या दोघीतिघी मात्र कप हातात न घेता उभ्या राहिल्या. त्या काहून उभ्या होत्या ते मला कळत होतं. मी आमच्या वस्तीतली, आणि चहा माझ्या हातचा. सासूलाही कळलं असावं. तिनं चाचपडत माझ्या हातातून पहिला कप घेतला, मोठा फुर्रकन घोट घेतला आणि म्हणाली, "मी पेऊन रायली, तुमी काय पायता? थंडा होते." मग काय, पुन्हा गंज ठेवावं लागलं.

सगळ्यांचा पिऊन झाल्यावर मी फाटकात जाऊन उभी राहिले. "चहा पेल्या ना? आता तिकीट काढल्याबिगर कोणी उतराचं नाही. तिकीट म्हणजे एक मंगळवार नाहीतर एक शुक्रवार. अकोल्याले हिच्यासोबत जाचं अन् स्टुलावर बसाचं. पाणी देल्लं, लय उपकार झाले. आता माणूस द्या."

लगेच कारणं सुरू झाली. एकीचा कापूस वेचायचा होता. एकीनं अकोल्याचा दवाखाना कधी पाहिला नव्हता. एक म्हणाली, "मले रगत पाहून चक्कर येते बापा."

"तं खिडकीकडे तोंड करून बस," मी म्हटलं. "पण बस."

त्यावर सगळ्या हसल्या आणि त्या हसण्यातच काम झालं. चक्कर येणारीनंच सगळ्यात आधी मंगळवार घेतला. तिनं घेतला म्हणून दुसरीनं शुक्रवार घेतला. कपाशीवाली म्हणाली, वेचणी झाल्यावर सांगा. हिवरखेडवालीची माय कोपऱ्यात बसून होती. तिनं विचारलं, "मंग मी पाणी आणू का नको?"

"आण ना," मी म्हटलं. "पण लेकीसाठी नाही. तिच्यासोबत जे जाईन, तिच्या चहासाठी आण. अन् त्याच्या पुढच्या शुक्रवारी तू स्वतः ये."

ती आली. आणि येताना सवयीनं कॅन घेऊनच आली.

चहाच्या त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी लेकीला फोन लावला. माझा फोन दिवसभर बॅगेतच वाजत होता आणि ती तिथं स्टँडवर दोन गाड्या पाहून रडवेली होऊन परत गेली होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, आता तरी स्वतःसाठी जग ना." मी म्हटलं, "बाई, थेच करून राहिली. रविवारी येतो मी नातवाले भेटाले. सोमवारी परत. मंगळवारी नव्या बाईले सारं दाखवाचं आहे, माझी गाडी आहे." माझी गाडी, हे शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच बरे वाटले. ह्यांच्यासोबत जात होते तेव्हा ती त्यांची गाडी होती.

आता आजूबाजूच्या गावांतही हेच चालतं. जीपमध्ये नवा पेशंट आला की मी त्या गावात जाते, चूल मांडायला लावते आणि तिकिटं फाडते. कुठं विहारात, कुठं मारुतीच्या पारावर, कुठं कोणाच्या ओसरीत. पाणी गोडं लागतं एवढीच अट. भांडणं होतात, पाळी चुकते, मग मी फोन करून कान उपटते. मला कोणी काम दिलं नाही, कोणी विचारलंही नाही, पण माझं काम हेच आहे, ह्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

ह्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्याहून परत येताना पूर्णेच्या पुलाच्या अलीकडं टायर बसलं. ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी. स्टेपनीही बसकी निघाली, तिच्यात हवा भरून आणायला ड्रायव्हर कोणाच्यातरी मोटरसायकलवर गेला. आम्ही सगळे बाभळीच्या तुकडाभर सावलीत. माझी पाण्याची बाटली मी सोबतीच्या बायांमध्ये कधीच वाटून टाकली होती. ड्रायव्हरला उशीर झाला आणि मी आपली गुरुजींना हसवायला मोठ्यानं काहीबाही सांगत होते. तेवढ्यात धूळ घशात गेली आणि मला ठसका लागला. असा लागला की थांबेना, डोळ्यांतून पाणी, श्वास वर ओढला जातोय, आवाज बंद.

हिवरखेडवाली उठली. तिनं पिशवीतून आपली बाटली काढली. तळाशी थोडंसं होतं, तिचं रात्रीपर्यंतचं. तिनं बाटलीच्या झाकणात पाणी ओतलं आणि माझ्यापुढं धरलं.

मी हातानंच नको म्हटलं. मोजकं आहे तुझं, हे मला बोलता येत नव्हतं.

"चुप बसा मावशी," ती मला म्हणाली. मला! "माह्या मोजातलं आहे, मी पाहून घेईन. प्या."

मी झाकण हातात घेतलं. ह्यांची आठवण आली, ते पुढं धरलेलं झाकण आठवलं, आणि मी ठसकत, रडत ते पाणी प्याले. तिनं झाकण परत घेतलं नाही. माझ्याकडे नीट पाहिलं, पुन्हा त्यात पाणी ओतलं आणि म्हणाली, "अजून एक."

मी तेही प्याले. तेवढ्यात ड्रायव्हर आला, टायर लागलं, सगळे आपापल्या जागी बसले. माझा आवाज अजून फुटत नव्हता. तिनंच मागं वळून सगळे चढले का ते पाहिलं, पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि म्हणाली, "जाऊ द्या."